तीन पदरी

कारखानीस हे आडनाव आमच्याकडे पिढ्यानपिढ्या होतं,
कारखाना मात्र नव्हता.
तो सासूबाईंनी आणला,
अहमदाबादहून, जुना, ट्रकमध्ये आडवा निजवून,
मकरपुऱ्यातल्या भाड्याच्या शेडमध्ये.

ती स्वतः आली होती फिलिपिन्समधल्या इलोइलोहून,
बोटीवरच्या इंजिनिअरशी लग्न करून.
(‘ती’च म्हणते मी. तिनंच विचारलं होतं,
‘त्या’ म्हणजे किती बायका?)
दांडिया बाजारच्या घरात ताट पुढे आलं :
तांदूळ, सोन्याची अंगठी, ठरवलेलं नाव रमा.
भातखाचरातली मुलगी. धान्यावर अक्षर काढायचं
तिच्या अगदी जिवावर आलं. तरी काढलं.
रात्री तेच तांदूळ धुऊन तिनं शिजवले,
सगळ्यांना वाढले,
तळाशी उरलेलं नाव स्वतः खाल्लं.
सकाळी पुन्हा रेमेडिओस.

पहिला महिनाभर ती रडली नाही.
रडली ती खंडेराव मार्केटातून कुणी सोडे आणले तेव्हा.
कढईत पडले,
आणि घरभर तिचं गाव सुटलं.

तिच्या भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ला एकच शब्द.
म्हणून बँकेचा मॅनेजर ‘ती’,
मुलगा रुसली, मुलगी आला.
सगळे हसायचे.
कंपनीची तार आली त्या दुपारी
ओट्याला टेकून ती म्हणाली, ‘ती गेला.’
ते वाक्य कुणी दुरुस्त केलं नाही.

धाकट्या दिरांनी परतीच्या तिकिटाचे पैसे पुढे केले.
तिनं दोनदा मोजले.
त्या पैशांत मशीन आलं.
सहा वर्षांनी व्याजासकट फेडले,
आणि दिरांकडून पावती घेतली.

खोक्याचे पदर तीन.
वरचा सपाट, खालचा सपाट, मधला लाटांचा.
अंगठ्यानं दाबून ती शिकवते :
वजन मधला घेतो, आणि तो दिसत नाही.
यावर मी काही बोलायला गेले तर म्हणते,
कविता नको, कागदाचं वजन सांग.

ती प्रेमळ आहे असं नाही म्हणणार मी.
ओल्या गठ्ठ्यापायी जसोदाच्या पगारातून शंभर कापले.
त्याच जसोदाच्या मुलीची फी अकरा वर्षं भरली.
दोन्ही एकाच वहीत, एकाच पेनानं,
आणि दोन्हींबद्दल अवाक्षर नाही.
माझ्या नवऱ्याला, थोरल्याला,
अजून भागीदार केलेलं नाही तिनं.
‘ती चांगला आहे,’ म्हणते,
‘पण न वाचता सही करते.’

विश्वामित्री फुगली त्या वर्षी
गोदामात पाणी, आणि पाण्याबरोबर मगर.
औषधांच्या कंपनीसाठी बांधलेले चार हजार खोके
रात्रीतून लापशी.
कामगार पत्र्यावर चढले.
ती जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसून,
एक डोळा मगरीवर ठेवून,
कागदाच्या व्यापाऱ्याशी भाव करत होती.
वनखात्याची माणसं पोचली तोवर
तिनं किलोमागे चाळीस पैसे उतरवून घेतले होते.

आता सांजवेळी फतेगंजच्या चर्चमधून येते,
पदराला मेणाचा वास,
आणि देवघरात निरांजन लागलं का ते बघते.
कुठल्या देवाशी काय ठरलंय तिचं,
त्याची नोंद वहीत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा
आत्यांनी ताट मांडलं होतं, तांदूळ पसरून.
तिनं ते उचलून डब्यात ओतलं.
माझ्यापुढे वही ठेवली, कोरं पान.
‘नाव लिही. आहे तेच.’
मी लिहिलं, सासरचे सगळे बघत असताना.
तिनं चष्मा लावून वाचलं, शाई सुकू दिली,
आणि विचारलं : पगार किती घेशील?

मी लाजले.
मग आकडा तिनंच घातला.
कमीच घातला.